फितींत राहिलेली मैफल

विष्णु दिगंबर पलुसकर गाणें शिकले तें मिरजेस, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं मिरजेसच घर केलें, आणि १९३७ सालीं प्रवासांत त्यांचें निधन झाल्यावर त्यांचा देहहि मिरजेच्याच मातींत विसावला. तिकडे सातारा जिल्ह्यांतील औंध येथें, बाळकृष्णबुवांचेच शिष्य अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा यांनीं आपले आध्यात्मिक गुरु शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० सालीं संगीतोत्सव सुरू केला. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांचें संगीतांतील ऋण असें मोठें आहे. परंतु त्या ऋणाचा कानांस पटेल असा पुरावा कोणी मागितला, तर तो तुटपुंजा निघतो. आणि जो आहे त्यांतील एक मोलाचा भाग रसिकांच्या घरीं, कपाटांतल्या जुन्या रिळांवर आहे.

तुटपुंजेपणाचें कारण तबकडीच्या घडणींतच होतें. हिंदुस्थानांत ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं ध्वनिमुद्रण होऊं लागलें तें १९०२ सालीं, कलकत्त्यास. दहा इंची तबकडी मिनिटास सुमारें अठ्ठ्याहत्तर वेळां फिरे आणि तिची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. विलंबित ख्यालाची नुसती आलापी मांडावयास जेथें अर्धा तास लागतो, तेथें गवयानें एवढ्या वेळांत काय करावें? अब्दुल करीम खांसाहेबांसारख्यांनीं त्या कोंडींतहि रत्नें पैदा केलीं हें खरें. पण तें संपूर्ण मैफलीचें दर्शन नव्हे, तिची वानगी होय. कित्येकांची तर वानगीहि उरली नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. शेजारच्या कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखां १९४६ पर्यंत हयात होते. पण आपल्या गाण्याचें ध्वनिमुद्रण त्यांनीं होऊं दिलें नाहीं. त्या दोघांचें गाणें आज केवळ शिष्यांच्या गळ्यांतून आणि वृद्धांच्या सांगण्यांतून ओळखावें लागतें.

शिवाय तबकडी काढणें हें घरीं करण्याजोगें काम नव्हतें. मेणाच्या चकतीवर रेघ कोरावयाची, तिच्यावरून धातूचा साचा काढावयाचा आणि मग कारखान्यांत तबकड्या छापावयाच्या, असा तो खटाटोप होता. कोणाचें काय टिकवावयाचें, हें त्यामुळें व्यापारी ठरवीत.

ही सत्ता मोडली ती चुंबकीय फितीनें. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर ध्वनि उमटवून दाखविला होता. पुढें १९२८ च्या सुमारास जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमर यानें कागदी फितीस लोहचूर्णाचा लेप देऊन तार बाजूस सारली; आणि १९३५ सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत ‘मॅग्नेटोफोन’ हें यंत्र लोकांपुढें आलें. म्हणजे फीत जन्मली तेव्हां अब्दुल करीम खांसाहेब अद्यापि गात होते. तिच्या आणि मिरजेच्या मध्यें अंतर मात्र फार होतें. १९४० सालीं जर्मन अभियंत्यांनीं ध्वनीबरोबर कानांस न ऐकूं येणारा अतिशीघ्र कंप फितीवर सोडण्याची युक्ति योजिली. तिच्यामुळें खरखर आणि विकृति पुष्कळ कमी झाली. महायुद्ध संपल्यावर जॉन मलिन या अमेरिकन सैनिक-अभियंत्यानें अशीं दोन यंत्रें स्वदेशीं नेलीं आणि १९४८ पासून अमेरिकेंतहि तशीं यंत्रें विकलीं जाऊं लागलीं. पुढील दशकांत ग्रुंडिग, फिलिप्स अशा नांवांचे घरगुती टेपरेकॉर्डर निघाले. परदेशाहून परतणाऱ्या आप्तस्नेह्यांच्या सामानांतून तीं जड पेटाऱ्यासारखीं यंत्रें आपल्याकडील घरांतहि येऊं लागलीं.

त्यांनीं काय पालटलें, हें साध्या हिशेबानें कळतें. सात इंची रिळावर पाव इंच रुंदीची बाराशें फूट फीत मावते. सेकंदास साडेसात इंच या वेगानें ती बत्तीस मिनिटें चालते. वेग निम्मा केला कीं चौसष्ट. तबकडीनें कापून टाकलेला वेळ असा गवयास परत मिळाला. दिवाणखान्यांत जमलेल्या पन्नास माणसांपुढें गवयाची बैठक असावी, पंखा बंद करावा, दारांवर पडदे सोडावे, एकच मायक्रोफोन गवयापासून दोन-तीन हातांवर ठेवावा आणि तबला फार जवळ येऊं नये एवढें पाहावें. घरगुती ध्वनिमुद्रणाचें शास्त्र एवढेंच. त्यांत सुरुवातीची जुळवाजुळव, मध्येंच आलेली दाद, साथीदारास केलेली सूचना, चुकून पुन्हा घेतलेली जागा, हें सर्व उमटे. व्यापारी तबकडींत हे दोष ठरले असते. अभ्यासकास मात्र राग कसा बांधला जातो हें याच ठिकाणीं कळतें.

या यंत्रांचा खरा परीक्षक मिरजेच्या कारागिरांच्या हातचा तंबोराच होय. फिरत्या चक्राचा वेग किंचितहि हलला, तर गवयाच्या तानेंत तें लपून जातें. पण जवारी साधलेल्या तंबोऱ्याचा अखंड षड्ज लगेच डळमळूं लागतो आणि यंत्राचें पितळ उघडें पडतें. घरगुती यंत्राची गति पुष्कळदां विजेच्या प्रवाहावर अवलंबून असे. मुद्रणाच्या वेळीं प्रवाहाची कंपसंख्या घटली, तर फीत मंद चाले; आणि पुढें योग्य गतीनें वाजवितां काळी एकची पट्टी चढलेली ऐकूं येई. जुन्या फितीवरून गवयाची पट्टी ठरविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे.

औंधच्या उत्सवाची परंपरा पुढें चालविणारे अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांचें उदाहरण येथें बोलकें आहे. १९११ ते १९८७ असें आयुष्य लाभलेल्या आणि गायन व व्हायोलिन दोहोंत अधिकार असलेल्या या कलावंताची खरी ओळख नंतरच्या पिढीस झाली ती तबकड्यांपेक्षां खासगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांवरून. १९६३ सालीं सांगलीस आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें. आणि त्याच वर्षीं बर्लिनमध्यें फिलिप्स कंपनीनें लहानशी कॅसेट पुढें आणली. कॅसेटनें ध्वनिमुद्रण अधिक स्वस्त आणि सोपें केलें खरें. पण मोठें रीळ आणि त्याचें यंत्र हळूहळू माळ्यावर गेलें.

आतांचा प्रश्न त्या माळ्याचा आहे. आरंभींच्या ॲसिटेट फिती दमट हवेंत कुजतात. डबी उघडतांच व्हिनेगरसारखा आंबूस दर्प आला, तर तें दुखणें ओळखावें. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील कित्येक फितींचा लेप चिकट होऊन यंत्रास लागतो आणि एकदां वाजवितांच त्यावरील ध्वनि खरवडला जातो. फीत पुसून पुन्हा वापरतां येते हा तिचा गुण होता. त्याच गुणापायीं किती मैफलींवर घरच्या लग्नमुंजी मुद्रित झाल्या असतील, याची गणती नाहीं. आणि फीत सुस्थितींत असली तरी ती वाजविणारें यंत्र, तें दुरुस्त करणारा हात आणि त्या फितीवर कोण गात आहे हें सांगणारा माणूस, हीं तिन्ही दुर्मिळ होत चाललीं आहेत.

यांपैकीं शेवटला दुवा सर्वांत आधीं तुटतो. निनांवी फीत संगणकावर उतरविली तरी ती निनांवीच राहते. म्हणून ज्यांच्या घरीं अशीं रिळें असतील त्यांनीं तीं उत्साहाच्या भरांत नादुरुस्त यंत्रावर चढवूं नयेत. प्रथम घरांतील वडील माणसांस विचारून प्रत्येक डबीवर गवयाचें नांव, साथीदार, गांव, साल आणि रागाचें नांव पेन्सिलीनें लिहावें. डब्या कोरड्या जागीं उभ्या ठेवाव्या. आणि मगच जाणत्याचा शोध करावा. फीत आणखी कांहीं वर्षें कदाचित् थांबेल. विचारण्याजोगीं माणसें तितकीं थांबतीलच असें नाहीं.