लोलो वाटेवरील उपासमार : एल्कच्या शिकारीविषयी एक टिपण

उत्तर अमेरिकेच्या पर्वतराजीत एल्क हे शिकाऱ्याचे सर्वांत मानाचे सावज समजले जाते. आपल्या सांबराचा हा शीतप्रदेशातील भाऊबंद होय. (सिंहलद्वीपातील इंग्रज शिकारी तर सांबरालाच ‘एल्क’ म्हणत, आणि युरोपात त्या नावाने तिसराच प्राणी ओळखला जातो, जुनी शिकारवर्णने वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.) या प्राण्याचे मांस मिसूरीकाठच्या मैदानात मुबलक मिळविणारी लुइस व क्लार्क यांची तुकडी सप्टेंबर १८०५ मध्ये बिटररूट पर्वत ओलांडताना उपाशी मरण्याच्या बेतास आली. असे का व्हावे? हवामान हे त्याचे सहज सुचणारे उत्तर. ते मला अपुरे वाटते.

हवामान वाईट होते यात शंका नाही. ११ सप्टेंबरला तुकडी लोलो वाटेने निघाली आणि १४ तारखेस तिला एक शिंगरू मारून खावे लागले. १६ तारखेस पहाटेपूर्वीच हिमवर्षाव सुरू झाला आणि दिवसभरात सहा ते आठ इंच बर्फ साचले. वाट बुजल्यामुळे ती हुडकण्यात क्लार्कचा वेळ जाई. आपण आयुष्यात इतके भिजलो व गारठलो नव्हतो, असे त्याने नोंदविले आहे. पातळ जोड्यांतील पाय गोठतील, ही त्याला धास्ती होती. त्याच दिवशी एका मोठ्या काळवट शेपटीच्या हरणावर त्याने सात वेळा चाप ओढला, पण बार उडाला नाही. ओल्या दारूवर ठपका ठेवण्याचा मोह येथे होतो. क्लार्कने मात्र बंदूक तपासली, तेव्हा गारगोटी सैल झाल्याचे आढळले!

१८ तारखेस तो सहा शिकारी घेऊन पुढे गेला. त्या रात्री खावयास काहीच नव्हते, म्हणून मुक्कामाच्या ओढ्याला त्याने ‘भुकेचा ओढा’ असे नाव दिले. मागे राहिलेल्या लुइसजवळ आटवलेले सूप, थोडे अस्वलाचे तेल आणि सुमारे वीस पौंड मेणबत्त्या उरल्या होत्या. काही पक्षी व खारी वगळता येथे जीवमात्र नाही, असे तो लिहितो. २० तारखेस नेझ पर्स लोकांनी क्लार्कला सामन मासे व कॅमसचे कंद दिले.

आता याच तुकडीचा पुढील हिवाळा पाहावा. कोलंबिया नदीच्या मुखाजवळील क्लॅटसॉप किल्ल्यात, डिसेंबर १८०५ ते मार्च १८०६ या अवधीत, जेमतेम बारा दिवस पावसाविना गेले. तरीही शिकाऱ्यांनी १३१ एल्क मारले. तेथील अडचण सावज मिळण्याची नव्हती. ते दलदलीतून वाहून आणण्याची आणि दमट हवेत मांस नासू न देण्याची होती. एल्क असले म्हणजे वाईट हवेतही शिकार होते. लोलो वाटेवर ते जवळजवळ नव्हतेच.

याचा पुरावा हिमवर्षावापूर्वीचा आहे. शोशोनी नायक कामेआवेट याने ऑगस्टमध्येच लुइसला बजावले होते की, या वाटेने जाणारे भुकेने हैराण होतात आणि कित्येक दिवस निव्वळ फळांवर काढतात. तेथे शिकार नाही, कारण डोंगर खडकाळ असून झाडी अतिशय दाट आहे. चारा उजेडावर वाढतो, आणि जुन्या सूचिपर्णी वनाखाली उजेड नसतो.

या विवेचनास पुढील शतकाने पुष्टी दिली. ऑगस्ट १९१० च्या महावणव्यात आयडाहो व मोंटाना येथील सुमारे तीस लाख एकर वन जळाले. जळीत जमिनीवर झुडपे माजली आणि क्लिअरवॉटरच्या खोऱ्यात एल्क इतके वाढले की, तो प्रदेश शिकारीसाठी प्रसिद्ध झाला. आज तेथील जुने शिकारी आपल्या तरुणपणीची आठवण ‘पूर्वापार’ म्हणून सांगतात, ते याच कळपांच्या आधारे. पुढे झाडी पुन्हा दाटली. १९९५ मध्ये आयडाहोत लांडगे आणून सोडण्यापूर्वीच कळपांना ओहोटी लागली होती, आणि १९९६-९७ च्या कडक हिवाळ्याने त्यांची संख्या आणखी खाली आणली.