१४. एन्देकासील्लाबो
इटालियन काव्यातील प्रमुख वृत्त; दान्तेची (१२६५–१३२१) ‘डिव्हाइन कॉमेडी’ यातच आहे. नावाने अकरा अक्षरी, पण खरा नियम दहाव्या अक्षरावरील आघाताचा. इटालियनमध्ये आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर येतो (आ-मो-रे, ‘प्रेम’), म्हणून ओळ अकरावर संपते. शेवटचा शब्द अन्त्याघाती असेल (चित्-ता, ‘शहर’) तर दहाच अक्षरे भरतात; आघात उपान्त्याच्याही आधीचा असेल (ता-वो-ला, ‘मेज’) तर बारा. तेव्हा अशी दहा अक्षरांची ओळ मुळीच सदोष नाही. प्रत्ययाने आघात सरकतो: ‘तावोलीनो’त (छोटे मेज) तो ‘ली’वर जातो. लागोपाठच्या शब्दांच्या सीमेवरचे दोन स्वर मोजताना सहसा एकच धरतात. आपल्या गणवृत्तांतला लघुगुरुक्रम येथे शोधू नये.