आंकड्यांचें चित्र आणि ठाण्याची सीमा

आंकडे वाचणें निराळें आणि आंकडे पाहणें निराळें. रकान्यांमागून रकाने वाचूनहि जें ध्यानीं येत नाहीं, तें एका रेषेच्या चढउतारावरून क्षणांत उमजतें. इ. स. १७८६ त विल्यम प्लेफेअर ह्यानें इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. त्या विद्येस आज संगणकाचें साह्य मिळाल्यामुळें ती कोणाहि विद्यार्थ्याच्या हातीं आली आहे. डोंबिवलीचा एखादा तरुण आपल्या शहराच्या वाढीचें चित्र काढूं म्हणेल, तर त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनाच्या आवृत्तीचा.

उदाहरणार्थ, २००३ सालीं स्थापन झालेल्या टॅब्लो कंपनीनें २०१० मध्यें ‘टॅब्लो पब्लिक’ ही विनामूल्य आवृत्ति काढली. तींतून प्रसिद्ध केलेलें चित्र सर्वांस खुलें असतें. खानेसुमारीचे आंकडे मुळांतच सार्वजनिक. त्यांस ती पुरेशी आहे. रुग्णांच्या वा ग्राहकांच्या खासगी नोंदी मात्र तिच्या स्वाधीन करूं नयेत. शिवाय नव्या आवृत्तींत जतन केलेलें काम जुन्या आवृत्तींत सहसा उघडत नाहीं. म्हणून एकत्र काम करणारांनीं प्रथमच एक आवृत्ति ठरवावी.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. आवृत्त्या आंकड्यांनाहि असतात, आणि ही गोष्ट ठाणें जिल्ह्याइतकी स्पष्टपणें क्वचितच कोठें दिसेल. १८६९ त कुलाबा त्यापासून वेगळा झाला. १८८२ चें ठाण्याचें गॅझेटियर साष्टीचें वर्णन करतें; पण १९२० त त्या तालुक्याचा दक्षिण भाग मुंबई उपनगर जिल्ह्यांत गेला. २०११ च्या खानेसुमारींत ठाणें हा १,१०,६०,१४८ वस्तीचा, देशांतील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्यांतून पालघर निघाला. नांव एकच, भूमि मात्र दर वेळीं निराळी! ह्या साऱ्या संख्या एका रेषेनें जोडणारा मनुष्य लोकांची नव्हे, सीमांची हालचाल रेखाटतो.

कल्याण-डोंबिवलीची गोष्ट ह्याहून बोधप्रद आहे. तेथील महानगरपालिका १९८३ ची. २००२ त २७ गांवें तिच्यांतून वगळलीं गेलीं आणि २०१५ त पुन्हां घेतलीं गेलीं. म्हणजे २००१ ची गणना तीं आंत असतां झाली, २०११ ची तीं बाहेर असतां. परिणामीं शहराची वस्ती दहा वर्षांत सुमारें १२ लक्षांवरून जेमतेम साडेबारा लक्षांवर गेलेली दिसते. सकाळच्या वेळीं डोंबिवलीच्या फलाटावर उभा राहिलेला कोणीहि ह्या आडव्या रेषेवर विश्वास ठेवणार नाहीं. परंतु कचेरींत बसून पाण्याचा, शाळांचा वा गाड्यांचा अंदाज करणारा कदाचित् ठेवील. मग त्या गैरसमजाचें मोल गांवकऱ्यांस हंड्यानें मोजावें लागेल.

उपाय कष्टाचा असला तरी सोपा आहे. जिल्ह्याची बेरीज न घेतां गांवांचे व प्रभागांचे आंकडे घ्यावे, आजच्या सीमेप्रमाणें ते पुन्हां जुळवावे, आणि जेथें जुळणी शक्य नसेल तेथें रेषा तोडून तिच्याखालीं कारण लिहावें. सुंदर अखंड रेषेपेक्षां अशी तुटकी रेषा अधिक खरी असते. नवशिक्यानें साधन कोणतेंहि घ्यावें. ही संवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.