कलाश्निकॉव्ह रायफल : भरवसा कीं अचूकपणा ?

शस्त्रांच्या इतिहासांत एक प्रश्न पुनःपुन्हां उपस्थित होतो. बंदूक अचूक असावी, कीं ऐन वेळीं दगा न देणारी असावी ? दोन्ही गुण एकाच वेळीं पूर्णांशानें साधणें कठीण. एकाचें माप वाढवावें, तर दुसऱ्याचें थोडें घटतें. सोव्हिएट रशियांत जन्मलेली कलाश्निकॉव्ह रायफल हें या प्रश्नाचें एक ठळक उत्तर होय.

मिखाईल कलाश्निकॉव्ह हे दुसऱ्या महायुद्धांत रणगाडादलांत सार्जंट होते. ऑक्टोबर १९४१ मध्यें ब्रियान्स्कजवळ ते जखमी झाले व रुग्णालयांत असतांनाच शस्त्ररचनेच्या विचाराला लागले. पायदळाच्या बहुतेक चकमकी ३००-४०० मीटरांच्या आंतच होतात, असा त्या युद्धाचा धडा होता. मग याहून फार दूर जाणाऱ्या जड काडतुसाचा भार शिपायानें कां वाहावा ? म्हणून रशियनांनीं १९४३ सालीं ७.६२ मिलिमीटर व्यासाचें आंखूड काडतूस सिद्ध केलें. त्यासाठीं कलाश्निकॉव्ह यांनीं रचलेली रायफल १९४९ सालीं सैन्यानें स्वीकारली.

आतां तिची रचना पाहूं. गोळी सुटतांना नळींतील वायूचा कांहीं अंश वरच्या नळकांड्यांत शिरून दट्ट्यास मागें लोटतो. हा दट्ट्या व बोल्टचा वाहक हे एकमेकांस जोडलेले असून चांगलेच वजनदार आहेत; त्यांचा वेग धूळ, काजळी व चिकट वंगण यांना न जुमानतां पुढें जातो. हलत्या भागांमध्यें मुद्दाम मोकळीक ठेविली आहे. काडतूसहि निमुळतें, म्हणून तें नळींतून सहज सुटतें. आपल्याकडे नेमकें बसविलेलें दार पावसाळ्यांत फुगून अडतें. किंचित् सैल दार वारा आंत घेतें, पण उघडतें. येथेंहि तोच न्याय आहे.

या मोकळिकीची किंमत अर्थातच द्यावी लागते. जड भाग मागेंपुढें आपटल्यानें बंदुकीस हिसका बसतो व सलग गोळीबारांत नेम ढळतो. वरचें झांकण पातळ व काढतें असल्यामुळें मागची माशी त्यावर न बसवितां पुढें बसवावी लागली. दोन माश्यांतील अंतर कमी झालें, कीं नेमांतील चूक वाढते. गोळीचा वेग सेकंदास सुमारें ७१५ मीटर, म्हणून लांबच्या पल्ल्यावर ती लवकर खालीं येते. तथापि ३०० मीटरांच्या आंत माणसाएवढ्या लक्ष्यास एवढी अचूकता पुरते. थोड्या शिक्षणानें तयार झालेल्या शिपायाच्या हातीं हें शस्त्र द्यावयाचें होतें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

उलट बाजू व्हिएतनामांत दिसली. अमेरिकेची एम-१६ रायफल हलकी, वेगवान व अधिक अचूक. परंतु १९६५ नंतर ती रणांगणावर अडकूं लागली व शिपाई प्राणांस मुकले. १९६७ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीनें चौकशी केली. काडतुसांतील दारू बदललेली, काडतूस बसण्याच्या जागेस क्रोमचा मुलामा नाहीं, सफाईचें साहित्य अपुरें, अशीं कारणें पुढें आलीं. हे दोष दूर होतांच ती रायफल पुष्कळ सुधारली. तात्पर्य, भरवसा केवळ यंत्राच्या ढिलाईंत नसतो. दारूगोळा, देखभाल व शिक्षण यांवरहि तो अवलंबून असतो. कलाश्निकॉव्हहि अजिंक्य नव्हे : तिची कळ खालीं ओढली, कीं बाजूस फट उघडते आणि तींतून चिखल आंत जाऊं शकतो.

परंतु न अडणारें यंत्र धनी पाहत नाहीं. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला करणाऱ्यांच्या हातीं याच घराण्यांतील रायफली होत्या. गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनीं अशाच एका रायफलीची नळी हातांनीं धरून ठेविली. गोळ्या देहांत शिरल्या, तरी पकड सुटली नाहीं, म्हणून हल्लेखोर जिवंत सांपडला. स्वतः कलाश्निकॉव्ह यांनींहि अखेरच्या दिवसांत रशियन धर्मगुरूंस पत्र लिहून, आपल्या शस्त्रानें झालेल्या मृत्यूंस आपण जबाबदार आहों काय, असें विचारलें होतें. डिसेंबर २०१३ मध्यें ते वारले व पुढील महिन्यांत तें पत्र प्रसिद्ध झालें. नेम किती चुकतो, हें मोजतां येतें. या प्रश्नाचें मोजमाप मात्र कोणत्याहि कारखान्यांत होत नाहीं.