कण्यातील अरुंद वाट : मोठ्या छेदाकडून लहान छेदाकडे

वार्धक्यात कंबर दुखणे ही सर्वांच्याच परिचयाची गोष्ट आहे. परंतु काही वृद्धांची तक्रार निराळी असते. शे-दोनशे पावले चालताच पायांत मुंग्या, बधिरपणा व वेदना सुरू होतात. क्षणभर बसले अथवा पुढे वाकले की त्या ओसरतात. असा रुग्ण तपासणीच्या वेळी पुष्कळदा धडधाकट दिसतो आणि ‘वय झाले’ एवढेच उत्तर त्याच्या पदरी पडते.

ही व्यथा खरी आहे, हे वैद्यकविश्वास पटवून देण्याचे मोठे श्रेय हॉलंडमधील उट्रेक्ट येथील शल्यविशारद डॉ. हेंक फेरबीस्ट यांचे. कमरेच्या मणक्यांतील नसांची नळी अरुंद असल्यास उभे राहताना व चालताना नसा दाबल्या जातात, असे त्यांनी १९५४ साली सविस्तर मांडले. उतारवयात सांधे वाढतात, अस्थिबंध जाड होतात, गादी फुगते आणि ही वाट अधिकच आकसते. वाकल्याने ती किंचित रुंदावते, म्हणूनच आराम पडतो.

यावरील उपाय म्हणजे मणक्याची मागील कमान काढून नसा मोकळ्या करणे. कमान काढण्याची कृती जुनीच होती. लंडनमध्ये सर व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८७ साली कण्यातील गाठ अशाच मार्गाने काढली होती. मात्र त्यासाठी पाठीचे स्नायू दोन्ही बाजूंनी हाडापासून सोडवावे लागत. रक्तस्राव होई, आणि आधार गेल्याने पुढे मणका सरकण्याचे भयही असे.

कमी इजा करून तेच कार्य साधण्याचा मार्ग प्रथम सरकलेल्या गादीच्या उपचारात सापडला. १९७७ साली झुरिकचे डॉ. याशारगिल व जर्मनीचे डॉ. कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. १९९७ साली अमेरिकेतील डॉ. फोली व डॉ. स्मिथ यांनी स्नायू न कापता, त्यांचे तंतू बाजूस सारून, बारीक नळीतून दुर्बीण नेण्याची पद्धत मांडली. २००२ साली डॉ. खू व डॉ. फेसलर यांनी हीच पद्धत अरुंद नळीच्या रुग्णांवर वापरल्याचे नोंदविले. एका बाजूने शिरून दोन्ही बाजूंच्या नसा मोकळ्या करणे त्यामुळे शक्य झाले.

स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक धडा दिला. नसा मोकळ्या करण्याच्या जोडीला मणके सांधल्याने त्या रुग्णांना अधिक लाभ झाला नाही. अर्थात मणका अस्थिर असल्यास सांधणे आवश्यक ठरू शकते. छेद लहान असणे हेही यशाचे माप नव्हे. नस पूर्ण मोकळी होणे हेच खरे माप होय.

प्रत्येकास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. व्यायाम व औषधांनी अनेकांचे निभावते. परंतु पायातील शक्ती जाऊ लागल्यास अथवा लघवीवरील ताबा सुटल्यास क्षणाचाही विलंब नको. घरातील वडीलधारी मंडळी चालता चालता वाटेत बसू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून विषय संपवू नये. सात दशकांच्या या इतिहासाचा आरंभ अशाच तक्रारीवर विश्वास ठेवण्यातून झाला आहे.