प्रकाश पाखडणारी काच

दिवाळीच्या सुमारास गोंदियाकडे नवे धान घरात येऊ लागते आणि अंगणाअंगणातून सुपे नाचू लागतात. आपण कौतुक करतो ते सुपात राहिलेल्या दाण्याचे. परंतु सुपाचे खरे कसब फोल उडवून देण्यात असते. माणसाने सूर्यप्रकाशही असाच पाखडायला घेतला, त्याची ही हकिगत. ती इंग्लंडात सुरू होते आणि आपल्या तलावांच्या पाळीवर येऊन थांबते.

१८०० साली विल्यम हर्शेल हा ज्योतिर्विद दुर्बिणीतून सूर्य पाहण्यासाठी निरनिराळ्या रंगांच्या काचा लावून बघत होता. काही काचांतून उजेड थोडा आणि उष्णता फार येई. काहींतून अगदी उलट. असे का व्हावे? त्याने लोलकातून रंगांचा पट्टा पाडला आणि रंगारंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेच पारा सर्वांत अधिक चढला! अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा, एका साध्या रंगीत काचेच्या निमित्ताने.

पुढे १८६१ मध्ये मॅक्सवेलने लंडन येथे एक नवल दाखविले. तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून एका फितीची छायाचित्रे घेतलेली होती. ती त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकमेकांवर पाडताच फीत रंगीत दिसू लागली. पण त्या काळची छायाचित्राची काच तर तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी! मग तांबडा रंग उमटला कसा? उलगडा झाला शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये. तांबड्या गाळणीतून अतिनील किरण गुपचूप निसटत होते आणि फितीतील तांबडा रंग नेमके तेच किरण परतवीत होता. चित्र खरे, कारण भलतेच. गाळणी काय सोडते एवढेच पाहून भागत नाही. ती काय अडविते हेही तपासावे लागते.

आपल्या देशात या विद्येचा श्रीगणेशा नारळाच्या झाडावर झाला. १९६९-७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने केरळातील रोगट माडांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परतविते, आजारी पान कमी. म्हणून दोन्ही झाडे वेगळ्या रंगांत उमटली.

१७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ हा आपला उपग्रह बैकानूरहून अवकाशात गेला. त्याच्या प्रत्येक कॅमेऱ्यात चार भिंगे, आणि प्रत्येक भिंगाला स्वतंत्र गाळणी: निळी, हिरवी, तांबडी आणि चौथी अवरक्त. या गाळण्या म्हणजे रंगविलेल्या काचा नव्हेत. साबणाच्या फुग्यावर पातळ पापुद्र्यामुळे रंग खेळतात ना? तसेच निरनिराळ्या द्रव्यांचे थर निर्वात पात्रात काचेवर चढवितात. एकेक थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ! थरांची जाडी बदलली की नको तो प्रकाश परतून जातो, हवा तोच पार होतो. चौथी गाळणी ०.७७ ते ०.८६ मायक्रॉनच्या दरम्यानचाच प्रकाश आत घेई. १९७२ च्या अमेरिकन लँडसॅटचा चौथा पट्टा १.१ मायक्रॉनपर्यंत पसरला होता. हवेतील वाफ जो प्रकाश शोषून घेते, तोही त्यात येई. आपल्या गाळणीने तो बाहेरच ठेवला.

आता आपल्या तलावांकडे या. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आजच्या गोंदिया-भंडाऱ्याचे वैभव. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून उपग्रहचित्रात ते काळे दिसते. हिरवे पीक लाल दिसते. तलावात बेशरम माजली तर काळ्या पाण्यात लाल डाग उठतात. गढूळ, उथळ पाणी फिकट निळसर दिसते. वर्षावर्षांची चित्रे शेजारी मांडली, की कोणता तलाव आक्रसत चालला हे कळते.

मात्र धान उभे असते तेव्हाच आभाळ भरलेले असते, आणि ढगापुढे कोणतीही गाळणी हतबल! म्हणून खरिपाच्या धानाचा अंदाज बांधताना ढगांतून पार जाणाऱ्या रडारची मदत घेतात. तेवढ्यानेही भागत नाही. लाल डाग बेशरमेचा की तलावाच्या पोटात कुणी लावलेल्या धानाचा, हे नेहमीच एका चित्रावरून ठरत नाही. मॅक्सवेलच्या फितीने हाच धडा दिला आहे. त्यासाठी कुणीतरी नकाशा हाती घेऊन, चिखल तुडवीत त्या पाळीवर जाऊन उभे राहावे लागते, आणि तलाव वाचवायचा तर त्यानंतर फावडेही हाती घ्यावे लागते.