उशिरा आलेला कायदा

जुनी वास्तू पडली की आपण हळहळतो. पण हळहळीने वास्तू वाचत नाही. न्यूयॉर्कचेच पाहा. १९१० साली खुले झालेले तेथील भव्य पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानक मालक कंपनीने १९६३ मध्ये पाडावयास घेतले. नागरिकांनी निदर्शने केली होती. परंतु हाती कायदा नव्हता. अखेर १९६५ साली महापौर वॅग्नर यांच्या सहीने कायदा झाला आणि ११ सदस्यांचा वास्तुरक्षण आयोग आला. त्यात वास्तुशिल्पी, इतिहासकार व शहराच्या पाचही विभागांतील रहिवासी असावेत, असे ठरले. जाहीर सुनावणीनंतर आयोगाने संरक्षित ठरविलेली वास्तू मालकालाही परवानगीवाचून पाडता येत नाही. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार उचलून धरला. ते स्थानक वाचले. पहिले मात्र गेले ते गेलेच. तेव्हा आपल्या गावातील जुन्या वास्तूंची नोंद, त्या उभ्या आहेत तोवरच करा.